ट्रॉलीवरचा बँड आणि राहून गेलेली कादंबरी

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला तो असा : प्रसिद्धीच्या उजेडाबाहेर वाजवणाऱ्या रॉक बँडच्या आयुष्यावरचं कथासाहित्य. असा विषय हाती आला की लिहिणारा बहुधा मुंबईची वाट धरतो. तिथं रंगभवन होतं, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे जलसे होते, काळे टी-शर्ट घातलेल्या पोरांच्या दोन-तीन पिढ्या होत्या. मी मात्र कोल्हापूरहून भोगावतीच्या काठाकाठानं वर गेलो. परिते मागं टाकलं, उसाचे फड विरळ होत गेले, डोंगर जवळ आले आणि राधानगरी लागली.

तिथं जाण्याचं कारण सरळ आहे. हप्त्यानं घेतलेली वाद्यं, घरच्यांच्या डोळ्याआड केलेली प्रॅक्टिस, रात्री-अपरात्रीचे प्रवास, पैशावरून फुटणं आणि पुढच्या हंगामाला पुन्हा जुळणं, एवढं सगळं बँडच्या कादंबरीला लागतं. या तालुक्यात ते दरवर्षी घडतं. ते करणाऱ्या पोरांच्या ताफ्याला इथं 'बेंजो' म्हणतात. हा बेंजो म्हणजे आपला रॉक बँड आहे, आणि त्याची कादंबरी मराठीनं लिहायला हवी. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

नागोयाहून राधानगरीला

बेंजो या वाद्याला पुस्तकी नाव बुलबुल तरंग. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. ज्याला स्वरलिपी येत नाही, ज्याच्या घरात कुणी कधी गायलेलं नाही, त्यालाही काही दिवसांत ओळखीची चाल काढता यावी, अशी ही रचना. पुढच्या काही दशकांत हे वाद्य भारतात आलं, इथले कारागीर ते बनवू लागले, आणि त्याचं नाव बेंजो पडलं. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही.

मूळ वाद्याचा आवाज नाजूक. खोलीत बसून ऐकावा एवढाच. मुंबईच्या चाळींत, कोकणात आणि कोल्हापूरच्या गल्ल्यांत पोरांनी त्याला पिकअप बसवला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि अ‍ॅम्प्लिफायर भोंग्याला. ताकदीपलीकडे आवाज चढवला की तार फाटल्यागत करकरते, लांबते, गुरगुरते. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी हाच फाटका आवाज मुद्दाम कमावला आणि त्यावर रॉक संगीत उभं राहिलं. आमच्या पोरांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कुणाकडून न शिकता, स्वतःच शोधला. दोन्हीकडं कारण एकच होतं. गर्दी मोठी होती आणि साधनं तोकडी होती.

ताफा कसा असतो ते पाहण्यासारखं आहे. पुढं बेंजो, तो चाल धरतो. बाजूला कीबोर्ड, त्याला अजूनही बरेच जण 'कॅसिओ'च म्हणतात. मागं ऑक्टोपॅड. खाली रस्त्यावर ढोल, ताशा आणि जमलं तर एखादा ट्रम्पेट. वाजवायची बहुतेक गाणी सिनेमाची. २०१६ साली 'सैराट' आल्यावर अजय-अतुल यांचं 'झिंगाट' वाजवल्याशिवाय कुठलीही वरात पुढं सरकत नव्हती, आजही सहजी सरकत नाही. पण एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना जो तुकडा वाजतो, ज्याला पोरं 'पीस' म्हणतात, तो त्यांचा स्वतःचा असतो. चाल कुठं तोडायची, ढोल एकटा किती वेळ ठेवायचा, बेंजो परत कधी आत घ्यायचा, याची बांधणी प्रत्येक ग्रुपची वेगळी. दुसऱ्या गावच्या पोरांनी तो तुकडा फोनवर रेकॉर्ड करून उचलला तर त्यावरून भांडणं होतात. ज्याच्या चोरीनं माणूस भांडायला उठतो, ती त्याची निर्मितीच असते.

पावसातली प्रॅक्टिस

राधानगरी १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांनी वसवली. लेकीच्या, राधाबाई ऊर्फ आक्कासाहेबांच्या नावावरून गावाला नाव मिळालं. शेजारी फेजिवड्याजवळ भोगावतीवर महाराजांनी धरणाचं काम काढलं. ते रखडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. ८.३६ टीएमसीचा हा जलाशय भरला की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटतं. दरवाजे उघडल्याची बातमी आली की खाली पंचगंगेच्या काठावर लोक घरातलं सामान वरच्या फळीवर ठेवायला लागतात. धरणाच्या वरच्या अंगाला दाजीपूरचं जंगल. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं.

इथला पाऊस बेंजोच्या पोरांना फार जाचक. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की पोलादी तारांना गंज धरतो. हलगीचं कातडं सैल पडतं, ते जाळावर शेकून घ्यावं लागतं. ढोल-ताशांना आता फायबरची पानं आली आहेत. ती भिजत नाहीत, पण कातड्याचा घुमार त्यांना नाही, अशी जुन्या वाजवणाऱ्यांची कुरकुर कानावर येतेच. अ‍ॅम्प्लिफायर खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा, वायरींच्या टोकांना चिकटपट्टी, बेंजोच्या पेटीत कापडाची घडी. आणि नेमक्या याच महिन्यांत प्रॅक्टिस करायची असते, कारण पाऊस सरता सरता गणपती येतो.

प्रॅक्टिसला जागा मिळणं ही पहिली लढाई. कोल्हापूर शहरात तालमी आहेत, मंडळांच्या खोल्या आहेत. इथं गुऱ्हाळघर पावसाळ्यात मोकळं असतं, ते चालतं. एखाद्याचा रिकामा गोठा, अर्धं बांधलेलं घर, गावाबाहेरच्या देवळाचा मंडपही चालतो. वेळ रात्री जेवणं झाल्यावरची, कारण सकाळी धार काढून दूध डेअरीत घालायचं असतं आणि दिवसा कुणी एमआयडीसीत, कुणी सेंट्रिंगच्या कामावर, कुणी कॉलेजात. शिकवणारा मास्तर नसतो. थोरला वाजवतो, धाकटा बघतो. नवीन गाणं फोनवर लावतात, दोन ओळी ऐकतात, थांबवतात, बटणं शोधतात, परत लावतात. चाल पूर्ण बसली की मगच ढोलवाले काठ्या उचलतात.

युरोप-अमेरिकेतल्या बँडच्या कथांत गॅरेज येतं, तळघर येतं. ती जागा म्हणजे त्या पोरांची शाळा आणि घर सोडून तिसरी जागा असते, जिथं त्यांना कुणी काही विचारत नाही. गुऱ्हाळघर ही राधानगरीतली तिसरी जागा आहे. तिथं चिपाडाचा आंबूस वास असतो, पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की ढोलाशी त्याची स्पर्धा लागते, आणि वीज गेली की सगळे अंधारात बसून पुढच्या सुपारीची गणितं मांडतात. कादंबरीकाराला यापेक्षा चांगलं पहिलं प्रकरण कुठं मिळणार?

इसार, सुपारी आणि वाटणी

बँडची गोष्ट संगीतावर सुरू होते आणि पैशावर येऊन ठेपते. बेंजोचं अर्थकारण समजून घेतल्याशिवाय त्याची माणसं समजत नाहीत.

हंगाम तुटक असतो. गणपती आणि नवरात्र हा पहिला. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतात, त्या पावसाच्या तोंडापर्यंत. मधे गावोगावच्या यात्रा, म्हाया, पालख्या. बाकीचे महिने कोरडे. सुपारी ठरवताना यजमान इसार देतो, उरलेली रक्कम वाजवून झाल्यावर. ती 'वाजवून झाल्यावर'ची रक्कम हाच सगळ्या भांडणांचा उगम. वरात दोन तासांची ठरलेली असते आणि नाचणारे थांबत नाहीत म्हणून चारवर जाते. वरच्या दोन तासांचं कोण देणार, यावर नवऱ्या मुलाचा मामा आणि ग्रुपचा म्होरक्या मांडवामागं वाद घालत उभे असतात.

आलेल्या पैशातून आधी ट्रॅक्टरवाल्याचं भाडं, डिझेल, जनरेटर. मग वाद्यांचा हप्ता. उरलेल्याची वाटणी. ज्याच्या नावावर वाद्यं घेतली आहेत त्याचा वाटा जास्त, असा रिवाज. तिथं ठिणगी पडते, कारण वाद्यं एकाच्या मालकीची असली तरी लोक येतात ते बेंजोवाल्याच्या हातासाठी. मालक मोठा की वादक, हा नाटक कंपन्यांपासून तमाशाच्या फडांपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक कलापथकाला पडलेला प्रश्न इथं गुऱ्हाळघरात नव्यानं पडतो आणि ग्रुप फुटतो. फुटलेला म्होरक्या नव्या नावाचा बॅनर छापतो. दोन वर्षांनी एखाद्या मोठ्या सुपारीसाठी दोन्ही तुकडे एकत्र वाजवतात.

याखेरीज आभाळातून येणारी संकटं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि महिन्याच्या आत, २ सप्टेंबरला, गणपती बसले. अनेक मंडळांनी मिरवणुका साध्या केल्या, आणि ते योग्यच होतं. पण ज्यानं त्या हंगामाच्या भरवशावर वाद्यं घेतली होती त्याचा हप्ता थांबला नाही. पाठोपाठ २०२० आणि २०२१ ही कोरोनाची दोन वर्षं मिरवणुकांविना गेली. अशा दिवसांत बेंजो विकला जातो, ऑक्टोपॅड गहाण पडतो आणि हाताला खरं वळण असलेला एखादा पोरगा कायमचा कंपनीच्या बसमध्ये चढतो.

शेजारच्या तालुक्यांनी काय लिहिलं

वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, खालच्या पायरीवर बसवलेल्या माणसांची कथा लिहिणं ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. राधानगरीला लागून असलेल्या कागल तालुक्यातलं कागल हे आनंद यादवांचं गाव. त्यांच्या 'नटरंग' या कादंबरीतला गुणा हा अंगानं पैलवान, मनानं तमाशावेडा मजूर. तो गावातल्या पोरांना गोळा करून फड उभा करतो. नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो, आणि ज्या शरीराचा त्याला अभिमान होता त्याच शरीरावरून गाव त्याची टवाळी करतं. रवी जाधव यांनी २०१० साली या कादंबरीवर सिनेमा केला आणि अतुल कुलकर्णींचा गुणा घराघरांत पोचला.

'नटरंग' ही तमाशाची कादंबरी म्हणून आपण वाचतो. मी ती बँडची कादंबरी म्हणून पुन्हा वाचली तर तिचा सांगाडा जगातल्या कुठल्याही बँडकथेशी जुळला. काम सुटलेली पोरं, उसनी साधनं, तालमीची चोरटी जागा, पहिला फसलेला खेळ, मग यश, यशामागून येणारं राजकारण, आणि घर व कला यांच्यामधली ती खाई. या कादंबरीची ताकद तिच्या तपशिलात आहे. फड कसा जमवतात, कोण कुणाला पैसे देतं, बायको काय म्हणते, हे यादवांना गावातून ठाऊक होतं.

दुसऱ्या बाजूला भुदरगड तालुका. तिथं गारगोटीत राहून राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहिल्या. चौंडकं हे यल्लम्माच्या जोगतिणींचं वाद्य. ते ज्यांच्या गळ्यात अडकवलं गेलं त्यांचं जिणं गवसांनी मराठीसमोर ठेवलं. या दोन कादंबऱ्यांच्या आधारानं २००९ साली 'जोगवा' हा सिनेमा झाला. थोडं पूर्वेला, सीमेपलीकडं निपाणीत, महादेव मोरे ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्या कथा आयुष्यभर लिहीत राहिले.

म्हणजे तमाशा लिहून झाला, चौंडकं लिहून झालं, गॅरेजही लिहून झालं. या तिन्हींच्या मधोमध बेंजोचा पोरगा उभा आहे. तो गुणासारखा कलेसाठी हट्टी आहे, मोऱ्यांच्या मेकॅनिकसारखा त्याच्या हाताला ग्रीस आणि सोल्डर लागलेलं आहे, आणि रात्री देवाच्या पालखीपुढं वाजवताना त्याच्या अंगातही काहीतरी संचारतं. 'नटरंग'च्या तोडीची कादंबरी त्याच्या वाट्याला अजून यायची आहे.

सिनेमानं एक प्रयत्न केला. रवी जाधव यांनीच २०१६ साली 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला. रितेश देशमुखचा नायक मुंबईच्या वस्तीत बेंजो वाजवतो आणि त्याचा आवाज ऐकून अमेरिकेतून एक तरुणी त्याला शोधत येते. विषय मोलाचा होता. पण त्या कथेत बेंजोला मान मिळतो तो बाहेरून आलेल्या माणसानं ओळखल्यावर. खेड्यातल्या पोरांना शोधत कुणी येत नाही. त्यांची किंमत त्यांची त्यांनाच करावी लागते, आणि कादंबरीचा ताण तिथं आहे.

प्राग आणि डब्लिन

जगात या विषयावर जे चांगलं लिहिलं गेलं ते कशामुळं चांगलं झालं, हे पाहण्याजोगं आहे.

१९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. त्याच वर्षी तिथं 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' नावाचा बँड उभा राहिला. सरकारनं त्यांचा व्यावसायिक परवाना काढून घेतला, तेव्हा ही मंडळी शहराबाहेरच्या खेड्यांत, खाजगी लग्नसमारंभांच्या आडोशानं वाजवू लागली. १९७६ साली त्यांच्यातल्या काहींना पकडून खटला भरला. त्या खटल्यानं नाटककार वाक्लाव हावेल हलले, आणि १९७७च्या जानेवारीत 'चार्टर ७७' हे मानवी हक्कांचं पत्रक निघालं. लांब केस ठेवून मोठ्यानं वाजवण्यापलीकडं त्या वादकांची मागणी नव्हती. टॉम स्टॉपर्ड यांनी २००६ साली 'रॉक अँड रोल' या नाटकात त्यांचा धागा गुंफला. आपल्याकडं बेंजोवर दडपशाही नाही, तुलना तिथपर्यंत नेऊ नये. पण लग्नाच्या मांडवाचा आधार घेऊन जगणारं संगीत आपल्या चांगल्या ओळखीचं आहे.

डब्लिनचं उदाहरण अधिक जवळचं. रॉडी डॉइल यांची 'द कमिटमेंट्स' ही छोटी कादंबरी १९८७ साली आली. शहराच्या उत्तर भागातल्या कामगारवस्तीतली बेकार आणि अर्धबेकार पोरंपोरी एकत्र येऊन अमेरिकी कृष्णवर्णीयांचं सोल संगीत वाजवायला लागतात. पुस्तकाचा बराचसा भाग म्हणजे त्यांचं बोलणं : भांडणं, शिव्या, टोमणे, तालमीतला आरडाओरडा. रेकॉर्ड निघण्याच्या उंबरठ्यावर बँड फुटतो. १९९१ साली ॲलन पार्कर यांनी त्यावर सिनेमा केला. डॉइल यांनी त्या पोरांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं आणि त्यांना जिंकवण्याचा मोह टाळला. मराठी लेखकानं तिथून घेण्यासारखं एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे. हिंदीत २००८ साली आलेल्या 'रॉक ऑन'मध्येही बँड फुटतो, पण त्यातली माणसं सुस्थितीतली आहेत. वाद्य विकून घर चालवण्याची पाळी आलेला वादक वेगळाच बोलतो.

भिंत आणि कायदा

राधानगरीच्या पोरांना आज सगळ्यात मोठी भीती डॉल्बीची. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात डीजेच्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. एक गाडी, एक चालक, एक लॅपटॉप. यजमानाला दहा-बारा माणसांच्या जेवणाची सोय करावी लागत नाही. सूर चुकत नाही, तार तुटत नाही, कुणी रुसत नाही. छातीत धडधड भरते, खिडक्यांची तावदानं हलतात.

कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवू देत नाहीत. सणासाठी राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. गेल्या दशकात कोल्हापूर परिसरात पोलिसांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाच्या मोहिमा चालवल्या आणि अनेक मंडळं पुन्हा झांजपथक, लेझीम, हलगी-घुमकं-कैताळाकडं वळली. त्याचा मला आनंद आहे. आजाऱ्याला, तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्याला झोपेचा हक्क आहे.

बेंजो या भांडणात मधोमध सापडतो. पारंपरिक वाद्यांच्या यादीत त्याला कुणी धरत नाही, कारण त्याला वीज लागते. आधुनिक म्हणावं तर डॉल्बीपुढं तो केविलवाणा. दोन्हीकडून ढकललेल्या या वाद्याला कुठलं व्यासपीठही नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला, कुस्तीला खासबाग दिली, नाटकाला पॅलेस थिएटर दिलं. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळालं तेव्हा सारं शहर रडलं. रस्त्यावरच्या वाजवणाऱ्याला असं घर कधी मिळालंच नाही. त्याचा रंगमंच म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि ती वरात संपली की उसाला जाते.

एक कल्पित पान

ही कादंबरी कशी ऐकू यावी, याचा अंदाज म्हणून एक पान मी इथं मांडतो. यातले सगळे काल्पनिक आहेत.

वरात चौकात आली आणि भोंगा गप्प झाला. नाचणारे हात वर तसेच राहिले.

"काय झालं रं?"

"जनरेटर बसला." ट्रॅक्टरवाला खाली उतरला. "डिझेल हाय, पर त्यात पाणी गेलंया."

नवऱ्याचा मामा गर्दीतनं पुढं आला. "म्हंजे? पैसं मोजल्यात आमी. वाजवा की!"

"मामा, करंट न्हाई तर कशावर वाजवू?"

"ते मला नगं सांगू. वरातीची गाडी चौकात हुबी हाय, लोक बगायल्यात."

बेंजोवाल्यानं उगीच बटण दाबून तार छेडली. टिणटिण झालं, ते त्याला एकट्यालाच ऐकू आलं. एवढ्यात कट्ट्यावर बसलेला म्हातारा उठला. घरात गेला आणि हलगी घेऊन आला. पोरांनी चौकात टाकलेल्या कागदाच्या पुठ्ठ्यांना त्यानं काडी लावली आणि त्यावर कातडं धरून शेकायला लागला.

"तात्या, तुमी कशाला तसदी घेताय?"

"तसदी न्हवं लेका. तुज्या आज्याच्या वरातीला मीच वाजवलीया. तवा कुणी ट्रॉलीत बसवलं न्हवतं मला." त्यानं हलगीवर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा जाळावर धरली. "ढोलवाली पोरं दे माज्यासंगट. आन् तू यं खाली. वरनं काय बगतुयास?"

बेंजोवाला उतरला. सोमवारी त्याला कागलच्या कंपनीत हजर व्हायचं होतं. हे त्यानं अजून ग्रुपमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

कुणी लिहायचं

वरच्या पानात म्हाताऱ्याच्या तोंडून एक गोष्ट येते, ती या कादंबरीला टाळता येणार नाही. हलगी, ढोल, सनई वाजवण्याचं काम गावगाड्यानं काही जातींवर लादलं. त्यांना मिरवणुकीच्या पुढं चालवलं आणि पंगतीत मागं ठेवलं. वाद्य मंगल आणि वाजवणारा अस्पृश्य, असा हा व्यवहार शतकानुशतकं चालला. बेंजोच्या ट्रॉलीवर आता वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र बसतात, ही मोठी गोष्ट आहे. पण सुपारी कुठल्या गल्लीतून येते, जेवणाचं पान कुठं वाढलं जातं, म्होरक्या कोण होतो आणि हलगी अजून कुणाच्या गळ्यात असते, हे बारकाईनं पाहिलं की जुनं सगळं संपलेलं नाही हे ध्यानात येतं. कथालेखकानं इथं नजर चुकवली तर त्याचं पुस्तक खोटं ठरेल.

दुसरी गोष्ट मुलींची. झांजपथकांत आणि ढोलपथकांत मुली आल्या, ट्रॉलीवर क्वचितच. रात्री उशिरा वरातीतून परतायचं, रस्ता जंगलातून, वळणावर गवा उभा राहतो, आणि त्याहून मोठं भय वरातीत पिऊन नाचणाऱ्या माणसांचं. एखादी पोरगी गुऱ्हाळघराच्या दाराशी उभी राहून बेंजो ऐकते, घरी जाऊन भावाच्या वाद्यावर तीच चाल काढते आणि तिला ती त्याच्यापेक्षा सफाईनं येते, अशी कथा मला वाचायची आहे.

हे पुस्तक शहरातून येऊन पाहून गेलेल्या माणसानं लिहू नये. मी पाहून आलो, तेवढ्यानं एक लेख होतो. कादंबरीला प्रॅक्टिसच्या अंधारात घालवलेली वर्षं लागतात. ती वर्षं सरवड्याच्या, राशिवड्याच्या, सोळांकूरच्या, धामोडच्या पोरांकडं आहेत. यादव कागलच्या मळ्यातून आले, गवस सीमेलगतच्या खेड्यातून आले, मोरे निपाणीच्या गल्लीतून आले. यांच्यापैकी कुणाकडंही लिहिण्याची परवानगी आधी नव्हती.

म्हणून राधानगरी तालुक्यातल्या बेंजोवाल्या पोरांना माझं आवाहन आहे. फोनमध्ये तुम्ही चाली साठवता, तशी माणसं साठवा. इसार बुडवणारा यजमान, वाटणीवरून तुटलेला मित्र, तार तुटली ती वरात, पुराच्या वर्षी विकलेला ऑक्टोपॅड, हे सगळं वहीत उतरवा. जसं बोलता तसंच लिहा, शुद्धलेखन नंतर बघता येतं. तालुक्यातल्या शिक्षकांनी आणि ग्रंथालयांनी अशा वह्या मागून घ्याव्यात, आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्यांना पानं द्यावीत. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होईल. तोपर्यंतच्या मोकळ्या रात्री पहिलं प्रकरण लिहायला पुरेशा आहेत.